धरणारा

“मामा, जरा धरता का?” डॉक्टरबाई सवयीने बोलून गेल्या आणि त्यांनी लगेच जीभ चावली. “नाही, राहू दे. तुमचं ते शील आहे ना!”

मामा ओलं फडकं घेऊन दाराशीच थबकले. जनावरांच्या या दवाखान्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. बाकी कामं कुणीही करी. पण दुखण्याला पार उरला नाही अशा जनावराला शेवटची सुई द्यायची वेळ आली, की धरायला मामाच लागत. त्यांच्या हातात कुत्रं धडपडत नसे, मांजर ओरबाडत नसे. लोक म्हणत, हाताला गुण आहे. गुणबिण काही नव्हता. जनावर त्यांच्यावर भरवसा टाकी आणि तसंच जड होऊन जाई.

बायको गेल्यावर घर खायला उठू लागलं, तेव्हा मामा बुद्धविहारात जायला लागले. भन्ते म्हणाले, “आधी शील, त्यावर समाधी, मग प्रज्ञा. घाई करू नकोस. श्वास बघ.” मामा डोळे मिटून श्वास बघू लागले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना दुसरा श्वास ऐकू आला. डाव्या कानाशी, धापा टाकणारा, ओलसर. तो थांबला. मग आणखी एक आला, बारीक, मांजराचा. मामांना एकेकाची ओळख पटू लागली; सगळी त्यांनीच सुईला धरलेली. दचकून डोळे उघडले, तर शेजारी निवृत्त पोस्टमन समाधीच्या नावाखाली खुशाल पेंगत होता.

त्याच आठवड्यात त्यांनी पंचशील घेतलं, त्यातलं पहिलंच जीव न घेण्याचं, आणि दवाखान्यात सांगून टाकलं, “फरशी पुसेन, पिंजरे धुवेन. सुईला धरणार नाही.”

श्वास मात्र यायचे थांबले नाहीत.

आता टेबलावर होता कपडे शिवणाऱ्या आजींचा म्हातारा कुत्रा. पोटात गाठ, मागचे पाय गेलेले. नव्या कंपाउंडरने त्याला पोतं आवळावं तसा आवळला. नखं पत्र्यावर खरखरली, सुई निसटली.

“अहो, नीट धरा!” डॉक्टरबाई ओरडल्या.

आजी भिंतीकडे तोंड करून म्हणत होत्या, “त्याला भिववू नका हो. तो कधी कुणाला चावला नाही.”

कुत्रा किंचाळला.

मामांनी फडकं बादलीत टाकलं, हात धुतले. “सरक बाबा,” ते कंपाउंडरला म्हणाले. डावा हात मानेखालून, उजवा छातीवर. “आलो रे, आलो.” कुत्र्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कोपराच्या खळगीत हनुवटी टेकली.

“मामा, नक्की?”

“द्या, बाई. त्याला ताटकळत ठेवू नका.”

रविवारी मामा सगळ्यांच्या आधी विहारात गेले. भन्ते चटया अंथरत होते.

“भन्ते, शील मोडलं माझ्या हातून,” मामांनी घडलं ते सगळं सांगितलं.

“धरताना मनात काय होतं?”

“त्याला भीती वाटू नये, एवढंच.” मामांनी एक चटई उचलून त्यांच्या हाती दिली. “पण घरी ध्यानाला बसलो, तर त्याचाही श्वास आला. सगळ्यांत जवळ.”

“येऊ दे. हाकलू नकोस, बोलावूही नकोस.”

“म्हणजे मी चुकलो की नाही?”

भन्तेंनी एका चटईची सुरकुती काढली, मग दुसरीची. फक्त म्हणाले, “बस.”

माणसं जमली. सगळे एका सुरात शील म्हणू लागले. पहिल्या शीलाला मामांचे ओठ हलले नाहीत. उद्या सोमवार होता, दवाखाना उघडणार होता, आणि पाळता येणार नाही असा शब्द त्यांना द्यायचा नव्हता. हात जोडलेलेच ठेवून ते थांबले. दुसऱ्या शीलापासून त्यांनी सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला.