मिस वर्नेलच्या गळ्यातला कॅमेरा

"तुम्ही खरंच फोटोग्राफर होता, की उगाच सांगता?"

शेजारच्या आश्लेषाला हे विचारायचं चॅलेंज तिच्या मित्रमंडळींनी, कुश आणि इशिताने, दिलं होतं. मिस वर्नेल हसल्या आणि त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, मी एक जुना रिळाचा कॅमेरा आहे. कारखान्यात बनलो खरा, पण जगलो मिस वर्नेलच्या गळ्यात. अमेरिकेत टेक्सासमधल्या अर्विंगच्या आसपासच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधली लग्नं, चर्चमधल्या टोपीवाल्या आज्या, सगळं आम्ही टिपलं. इतर जण काळ्या चेहऱ्यांवर भसाभस फ्लॅश मारायचे. मिस वर्नेल माणसाला खिडकीशी बसवून उजेडाची वाट बघायच्या. वर्तमानपत्रांनी आमचे फोटो छापले, खाली त्यांचं नाव छापायला मात्र विसरले. दरवेळी विसरले.

हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी मला आश्लेषाला देऊन टाकलं. "रंग लपवू नकोस, पोरी," एवढंच म्हणाल्या. तिने पहिला फोटो त्यांचाच काढला. आयुष्यभर माझ्यामागे उभ्या राहिलेल्या बाईचा तो एकुलता एक चांगला फोटो.

हिवाळ्यात मिस वर्नेल गेल्या. चर्चला फोटो हवा होता. आश्लेषाच्या बाबांनी निगेटिव्ह स्कॅन करून पाठवली. इथल्या मराठी मंडळाचे फोटोही बाबाच काढतात.

चर्चमध्ये मिस वर्नेलची बहीण लोरेटा त्या फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ही कोण? माझी वर्नेल एवढी फिकट नव्हती."

"थोडा ब्राइट केला होता," बाबा पुटपुटले. "छान दिसावा म्हणून."

माझ्या पट्ट्यावरची आश्लेषाची मूठ घट्ट झाली. आम्ही घरी आलो.

"अगं, बाबांनी प्रेमानेच केलं ना," आई म्हणाली.

"हो, आई. माझेही फोटो प्रेमानेच ब्राइट करतात."

बाबांनी मान खाली घातली. आश्लेषा सावळी आहे, पण मंडळाच्या एकाही फोटोत ती सावळी नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. ज्या हातांनी मला धरलं, त्यांचं नाव तेवढं पुसू देऊ नका.

आश्लेषाने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"बाबा, तो फोटो मी आहे तसा प्रिंट करून लोरेटाआजींना नेऊन देणार. यंदा गणपतीत मिस वर्नेलच्या फोटोंचं प्रदर्शन लावणार, प्रत्येक फोटोखाली त्यांचं नाव घालून. आणि मंडळाचे फोटो यापुढे मी काढणार. खिडकीशी बसवून."