छूमंतरकाकांच्या रक्तातले मासे

छूमंतरकाकांच्या रक्तात मासळीचा मागमूसही नाही, असा निकाल लागला. आता हा निकाल लागलाच नाही असं आपण सगळे मिळून धरून चालू. तो लागला तेव्हा काकूंनीही तसंच धरलं होतं, आणि काकूंच्या विरोधात जायची आपली काय बिशाद.

तर, अजून काहीही झालेलं नाही.

छूमंतरकाका जादूगार. मोठ्या थिएटरातले नव्हेत. वाढदिवस, शाळांचे कार्यक्रम, कचेरीतल्या कुणाचा तरी निवृत्तीचा समारंभ अशा ठिकाणचे. हत्ती गायब करणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, कारण गायब करायला आधी हत्ती लागतो. पण तळहातात मावेल अशी कुठलीही वस्तू ते दिवसाढवळ्या नाहीशी करत. नाणं, बटण, लाकडी अंडं, एकदा तर एका मुख्याध्यापकांचा काढता दात. काकू त्यांच्या सहायक. लग्नापासून दर खेळात करवतीने मधोमध कापल्या गेलेल्या, तरी भांडायच्या मात्र अख्ख्या.

सगळी करामत काकांच्या काळ्या कोटात होती. कोटाला आतून चोरखिसा, आणि खिशाच्या तळाशी काकूंनी पत्र्याचा एक तुकडा शिवलेला. काकांनी नाणं गायब केलं की ते त्या पत्र्यावर पडून ‘टुक्’ वाजायचं आणि बाजूच्या फटीतून अस्तरात घरंगळायचं. कपाटात अंधारात दडून बसलेल्या काकूंना ती खूण. टुक् झालं की काकूंनी दार उघडून, दोन्ही हात पसरून, हसत बाहेर यायचं. प्रेक्षकांना टुक् कधीच ऐकू आलं नाही. काकूंना दुसरं काही ऐकू आलं नाही तरी टुक् ऐकू यायचं.

मग काकांच्या बोटांना संधिवाताने धरलं. साधा म्हातारपणाचा नव्हे; त्यातला तो प्रकार, ज्यात शरीराचे पहारेकरी चोर सोडून घरमालकालाच बडवत सुटतात. सकाळी उठलं की बोटं फुगलेली आणि लाकडासारखी ताठ. सदऱ्याची बटणं काकू लावायच्या. आणि एका वाढदिवसाला काकांच्या बोटांतून नाणं सुटलं, घरंगळत पहिल्या रांगेत गेलं. तिथे बसलेल्या चिमुरडीने ते उचललं आणि फार अदबीने परत दिलं. म्हणाली, “काका, तुमचं पडलं.”

ती हसली असती तर काकांनी सहन केलं असतं. तिला कीव आली होती. त्या दिवसापासून काकांनी खेळ बंद केले.

हे कळताच जावई आला. जावईही जादूगारच, पण नव्या पद्धतीचा. त्याची सगळी जादू रिमोटवर चालायची. बटण दाबलं की धूर, दुसरं दाबलं की आणखी धूर. धूर ओसरेपर्यंत लोक जेवायला गेलेले असत. त्याचा डोळा काकांच्या पेटीवर होता. गेल्या पिढीतल्या एका उस्तादाने काकांना दिलेली सामानाची पेटी, जिचं नुसतं नाव घेतलं की कार्यक्रम मिळत. बाबा, आता तुम्ही आराम करा, तिकिटं फाडायला दारावर बसा, असं तो अगदी मायेने म्हणाला. काकूंनी मात्र अट घातली. हॉस्पिटलात या रोगावर एक अभ्यास सुरू होता, काकांचं नाव त्यात घातलेलं होतं. तो संपेपर्यंत पेटी हलणार नाही. संपल्यावर हात सुधारला नसेल, तर पेटी जावयाची.

अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि चिकाटीने थोर होत्या. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: माशाच्या तेलात काही मेदाम्लं असतात. कॅप्सूल रोज घेतली की ती रक्तातल्या पेशींच्या भिंतीत जाऊन बसतात. ज्याच्या रक्तात ती जास्त, त्याच्या सांध्यांतली आग कमी असते का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. नेहमीची औषधं सुरूच राहणार. आणि एक गोष्ट त्यांनी बजावली. माणूस खोटं बोलेल, पण पेशीची भिंत खोटं बोलणार नाही. कॅप्सूल पोटात गेली नाही तर ते रक्तात दिसतं.

मग त्यांनी काकांचे अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबले. कुठला दुखतो, कुठला सुजलाय, सगळं टिपून घेतलं. शेवटी एक आडवी रेघ पुढे केली. एका टोकाला ‘काहीच त्रास नाही’, दुसऱ्या टोकाला ‘असह्य’. आज कुठे आहात, तिथे खूण करा म्हणाल्या. काका सवयीने म्हणाले, “आधी तुम्ही मनात एक आकडा धरा.”

डॉक्टरीणबाईंनी धरला नाही. पुढे काय वाढून ठेवलंय याची ती पहिली झुळूक होती, पण ती कुणाच्या ध्यानात आली नाही.

घरी सकाळचा कार्यक्रम ठरला. आठवड्याची नेहमीची गोळी चपटी, पांढरी, रुसलेल्या चेहऱ्याची. ती काकू मुरंब्यात दडवून चमच्याने भरवत. ही कॅप्सूल मात्र वेगळी. सोनेरी, गुळगुळीत, आत दिवा लावल्यासारखी. अशी वस्तू जादूगाराच्या हातात पडली की हातालाच बरं वाटतं. काकू ती काकांच्या तळहातावर ठेवत. काका तोंडाकडे नेत, पाणी पीत, आ करून दाखवत. मागे रेडिओ बातम्या सांगत असे, कपडे धुण्याचं यंत्र थडथडत असे, आणि काकू डोळ्यांत तेल घालून काकांच्या घशात पाहत असत. नवऱ्याची प्रत्येक चलाखी त्यांना पाठ होती. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटली नसती.

काही आठवड्यांनी रस्त्यात मांजरं काकांच्या मागे येऊ लागली.

आधी एक आलं. मग गल्लीतली सगळी. काका भाजी आणायला निघाले की मागे मिरवणूक. काकांना वाटलं, लोक विसरले पण जनावरं कलाकाराला विसरत नाहीत. काकूंना वाटलं, मासे रक्तात भिनले, औषध लागू पडतंय. शेजारणीलाही त्यांनी हे अभिमानाने सांगितलं. कोट धुवायला टाका असं मात्र कुणी सुचवलं नाही. तो कोट थंडीत ऊब म्हणून आणि उन्हाळ्यात सवय म्हणून अंगावरच असायचा, आणि धुतला तर त्यातलं गुपित बाहेर पडेल म्हणून तो कधीच धुतला गेला नव्हता.

बोटं मात्र तशीच फुगत होती. सकाळी कपही धरवत नव्हता.

आता तो निकाल, जो लागलेला नाही. अभ्यास संपला, काका-काकू डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसले. जावईही आला होता, पेटी न्यायला टेम्पो घेऊनच. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, काकांकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. रक्तात माशाचं तेल पहिल्या दिवशी होतं तेवढंच, म्हणजे नसल्यातच जमा. सांध्यांची आग उलट थोडी वाढलेली.

“काका, कॅप्सूल घेतल्या नाहीत तुम्ही.”

काकू उसळल्या. रोज स्वतःच्या हाताने देते म्हणाल्या, स्वतःच्या डोळ्यांनी घसा बघते. तुमचं यंत्र तपासा, नाहीतर मासेच खोटे असतील. काका हडबडले होते. त्यांनी शपथेवर सांगितलं की एकही चुकवली नाही, आणि ते मनापासून सांगत होते. जावई म्हणाला की वय झालं की असं होतं, आणि घड्याळाकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. खणातून एक कॅप्सूल काढून काकांच्या तळहातावर ठेवली. “माझ्यासमोर घ्या.”

काकांनी घेतली. पाणी प्यायले. आ केलं. डॉक्टरीणबाईंनी विजेरी लावून जिभेखालीही पाहिलं. काही नव्हतं. खोलीत रेडिओ नव्हता, यंत्र नव्हतं, नुसती शांतता होती.

टुक्.

काकू खुर्चीतून उठल्या, दोन्ही हात पसरले आणि हसल्या.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं, कारण आपण का उठलो हे त्यांना कळलं. पाठोपाठ ते काकांनाही कळलं. डॉक्टरीणबाईंना काहीच कळलं नाही, म्हणून काकूंनी काकांच्या अंगातला कोट काढला, उलटा केला आणि अस्तराची शिवण उसवली. टेबलावर कॅप्सूलचा पाऊस पडला. काही अख्ख्या, काही चेपून चिकट झालेल्या. त्यांच्यासोबत एक लाकडी अंडं आणि मुख्याध्यापकांचा दात. खोलीभर असा वास सुटला की बाहेरच्या पायरीवर काहीतरी म्याव म्हणालं.

“मी नाही केलं,” काका स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले. “यानं केलं.”

डॉक्टरीणबाईंना ते पटेना. परत करून दाखवा म्हणाल्या. काकांनी ठरवून करायला घेतलं आणि कॅप्सूल बोटांतून सुटून जमिनीवर पडली. दुसऱ्यांदाही पडली. मन लावलं की हात अडत होता. मन दुसरीकडे असलं की हात आपला धंदा बिनबोभाट करत होता, सुजलेला, ताठरलेला, तरी इतका सफाईने की पहाऱ्यावर बसलेल्या सहायकाचेही डोळे महिनोन्महिने फसले होते.

काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून काकू भडकल्या.

“हसताय काय? इतके महिने फुकट दुखून घेतलंत.”

“अगं, पण तुला कळलं नाही.”

“नाही कळलं.”

“तुला,” काका म्हणाले. “तुला कळलं नाही.”

काकूंनी तोंड फिरवलं. मग खाली वाकून ती पडलेली कॅप्सूल उचलली, पुसली, काकांना दोन्ही हात पाठीमागे घ्यायला लावले आणि स्वतःच्या बोटांनी ती त्यांच्या जिभेवर ठेवली. गिळेपर्यंत त्यांचे दंड सोडले नाहीत. काकांनी गिळली. चेहऱ्यावरून वाटलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

पेटीचा प्रश्न उरला होता. जावई म्हणाला, हे सगळं ठीक आहे, पण अट अट असते, हात सुधारलेला नाही हे डॉक्टरांनीच सांगितलंय. ते खरंच होतं. डॉक्टरीणबाईंनीही मान डोलावली, आणि वर म्हणाल्या की आता नीट घेतलं तरी तेलाने किती फरक पडेल याची त्या हमी देत नाहीत. काका उठले, कोट पुन्हा अंगात चढवला. हरलेल्या माणसासारखा त्यांनी जावयाचा हात हातात घेतला, पेटी जप म्हणाले, लेकीची चौकशी केली, त्याला दारापर्यंत सोडायला गेले.

जावई खाली गेला आणि थोड्या वेळात परत वर आला. टेम्पोची किल्ली सापडत नव्हती. धुराचा रिमोटही सापडत नव्हता. पट्टाही सापडत नव्हता, पण ते त्याने एका हाताने पँट धरून, जरा आडून सांगितलं.

काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. उसवलेली शिवण घालायची म्हणून कोट एव्हाना परत काकूंच्या हातात आला होता. काकूंनी तो नुसता हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. काकूंनी जावयाकडे पाहिलं आणि पेटी हलणार नाही असं म्हटलं. म्हणजे म्हटलं नाही, फक्त भुवई उचलली. जावयाला पुरेसं होतं.

आता दर सकाळी काका हात पाठीमागे बांधून उभे राहतात आणि काकू कॅप्सूल भरवतात. बोटांची सूज उतरली की नाही यावर घरात मतभेद आहेत, पण काका परवा कप एका हाताने उचलून प्यायले. नंतर तो कप सापडला नाही. कोट धुतला, तरी मांजरं हटत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी मात्र नियमाप्रमाणे काकांच्या नावापुढे ‘औषध न घेतलेला रुग्ण’ असं लिहिलं. ते काकांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी काकूंना बसवून पत्र लिहवून घेतलं, आणि ते वाटेत गायब होऊ नये म्हणून पोस्टात टाकायला काकूच गेल्या, हात पाठीमागे बांधून, म्हणजे हात काकांचे. पत्र असं:

‘माननीय अभ्यास समितीस सविनय सादर. विषय: अर्जदाराच्या नावापुढील शेऱ्यात दुरुस्ती करण्याबाबत. अर्जदाराने औषध घेतले नाही, हे रक्ताचे म्हणणे अर्जदारास मान्य आहे. परंतु ‘घेतले नाही’ आणि ‘अदृश्य केले’ यांत महदंतर आहे. तरी सदर शेरा रद्द करून त्या जागी ‘रुग्णाने औषध पत्नी व विजेरी यांच्या समक्ष यशस्वीरीत्या अदृश्य केले’ असा शेरा मारण्यात यावा, हाताची ही क्षमता रोगाच्या मोजमापात एकोणतिसावा सांधा म्हणून धरण्यात यावी, आणि अहवाल प्रसिद्ध होताना त्या पानावर वाचकांनी टाळ्या वाजवाव्यात अशी तळटीप देण्यात यावी, ही नम्र विनंती.’