न घेतलेलं कर्ज

सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले, तेव्हा पार्लरवाल्या ताईंनी कुणाला बोल लावला नव्हता. दुखणं लांबलं, पार्लरला कुलूप पडलं. पुढे त्यांनी पै न् पै फेडली. पण पार्लर वाढवायला नवं कर्ज मागितलं, तर क्रेडिट स्कोअर खराब म्हणून बँकेने हात वर केले.

मग त्या ‘क्रेडिट सुधारून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या सल्लागाराकडे गेल्या. माणूस मिठ्ठास. ‘‘ताई, जुनं सगळं पुसून टाकतो. तुम्ही फक्त सह्या करा.’’ फी मात्र आधीच वाजवून घेतली.

काही आठवड्यांनी बँकेतल्या मॅनेजरबाईंनी त्यांना बोलावलं. ‘‘ते कर्ज तुम्ही घेतलंच नाही, अशी तक्रार आलीय तुमची.’’

‘‘माझी?’’

‘‘खाली सही तुमचीच आहे.’’

ताईंच्या अंगाची लाहीलाही झाली. ‘‘अहो, माझंच कर्ज ते! त्या पैशावर आमच्या सासूबाई उठून बसल्या. मी कशाला नाही म्हणेन?’’

‘‘मग तक्रार मागे घ्या. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. हां, शेवटचा हप्ता भरूनही थकलेला दिसतोय, ती चूक आहे. अर्ज द्या, दुरुस्त होईल.’’

‘‘किती लागतील?’’

‘‘काहीच नाही.’’

ताई तिथून तडक सल्लागाराच्या ऑफिसात. बाहेरच्या बाकावर गिऱ्हाइकं बसलेली.

‘‘मला खोटारडी ठरवायचे पैसे घेतलेत तुम्ही?’’

‘‘हळू बोला ताई. सगळे असंच करतात.’’

‘‘हळू का? खोटं तुम्ही लिहिलंत, तोंड मी लपवू?’’ त्या बाकाकडे वळल्या. ‘‘वाचल्याशिवाय सही करू नका. हा माणूस तुमच्या तोंडी खोटं घालतो.’’

एक म्हातारे गृहस्थ उठून चालते झाले. बाकीचे खाली बघत बसून राहिले, आणि ताईंना त्याचाच जास्त राग आला.

फी परत मिळाली नाही. नवरा म्हणाला, ‘‘जाऊ दे गं, मनस्ताप कशाला?’’

‘‘मनस्ताप झालाय तो झालाय. आता त्यालाही होऊ दे.’’

त्यांनी ग्राहक मंचात तक्रार ठोकली. बँकेतली खोटी तक्रार मागे घेतली, नोंदीतली चूक अर्ज दिल्यावर दुरुस्त झाली. छोट्या उधारीचे हप्ते त्या वेळच्या वेळी भरत राहिल्या, तसा स्कोअर मुंगीच्या पावलांनी वर सरकला आणि वर्षभराने कर्जही मिळालं. मंचातला निकाल अजून लागायचाय. सल्लागाराचा वकील तारखांवर तारखा मागतो. ताई मात्र दर तारखेला पार्लर बंद ठेवून पहिल्या रांगेत जाऊन बसतात.