रिकामं उत्तर

फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवताना माणसाला जरासुद्धा लाज वाटत नाही, हे पौर्णिमाला भिवपुरीच्या घरात बसल्या बसल्या रोज सकाळी नव्याने कळायचं. तिच्याकडे एक लायब्ररी होती, पुस्तकांची नव्हे. एखाद्या प्रोग्रामला डेटाबेसमधलं काही हवं असलं की त्याचा प्रश्न तिकडे न्यायचा आणि उत्तर आणून द्यायचं, एवढंच त्या लायब्ररीचं काम. मूळ लिहिणारा कंटाळून निघून गेला आणि डागडुजी हिच्या गळ्यात पडली. वापरणारे जगभर, दमडी देणारा एक नाही. तरी यापायी तिने दीड वर्षापूर्वी चांगली नोकरी सोडली होती. घर धाकट्या संजनाच्या पगारावर चालायचं. ती कर्जतला शाळेत शिकवायची.

सध्या भांडण पेटलं होतं ते लायब्ररीच्या एका जुन्या खोडीवरून. मधेच जोडणी तुटली, तर ती गुपचूप रिकामं उत्तर आणून द्यायची. म्हणजे प्रश्न पोचलाच नाही, आणि वर सांगायचं काय, तर असं कोणी नाही. एका दवाखान्यात दाखल झालेले आजोबा त्यामुळे दिवसभर नातेवाइकांना सापडले नव्हते. पौर्णिमाने नव्या आवृत्तीत ही खोड मोडली. बिघडलं तर काय बिघडलं, ते शब्दन् शब्द सांगायचं.

झालं! आवृत्ती चाचणीला बाहेर पडली आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. "आधी सगळं सुरळीत होतं, आता लाल अक्षरं येतात." "ग्राहक घाबरतात, पूर्वीसारखं करा." म्हणे सुरळीत! या दीडशहाण्यांना बिघाड चालत होता, फक्त तो दिसायला नको होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याच दुपारी नागूमामा आले. लग्नं जुळवायची मामांना भारी हौस. संजनाचं आणि पळसदरीच्या कपिलचं एकमेकांवर मन होतं, म्हणून आईने, विठाबाईने, मामांना रीतसर विचारायला धाडलं होतं.

चहा पिऊन झाल्यावर मामा म्हणाले, "नाय जमत गं, विठा. नाय म्हनले."

"कोन नाय म्हनलं?" पौर्णिमाने लॅपटॉप मिटला.

"घरातली."

"का पन?"

"आता का म्हंजे... नाय म्हंजे नाय."

पौर्णिमाच्या डोक्यात सणक गेली. हा माणूस गेलाच नव्हता! सकाळपासून असलेच बहाद्दर तिच्या नशिबी आले होते.

"मामा, तुमी कर्जतलाच भजी खाऊन माघारी आलाय."

"ताई, जाऊ दे ना," स्वयंपाकघराच्या दारातून संजना म्हणाली.

"काय जाऊ दे? तुझ्या लग्नाचा प्रश्न हाय. गेला असाल मामा, तर ती मानसं काय म्हनली ते शब्दन् शब्द सांगा."

मामांनी एकदा संजनाकडे बघितलं. मग कपबशी बाजूला सारली.

"कपिलची आय म्हनली, पोरगी सोन्यासारखी हाय. पन थोरली बिनपगारी घरात बसलीय, परक्या लोकांशी भांडत. धाकटीच्या जिवावर खाते. लग्नानंतर तिला आमच्या कपिलनं पोसायची का?"



"आनि कपिल?" पौर्णिमाने विचारलं.

"मान खाली घालून बसलेला."

मामा निघून गेले. कपिलच्या आईचा उद्धार करायला पौर्णिमाकडे शब्दांचा तोटा नव्हता, पण त्या बाईचं कोणतं वाक्य खोटं, हेच तिला सापडेना. ती मोरीपाशी गेली. संजना कपबश्या विसळत होती.

"तुला कधी कळलं?"

"परवा. मामा आधी शाळेत आलते." संजनाने वळून पाहिलं नाही. "मीच म्हनले त्यांना, ताईला निस्तं नाय म्हनून सांगा."

पौर्णिमाला धाय मोकलून रडावंसं वाटलं, आणि त्याचाही तिला राग आला. नवी आवृत्ती तिने त्याच संध्याकाळी सगळ्यांसाठी बाहेर काढली, एक अक्षर न बदलता. मग जुन्या साहेबांना फोन लावला, आणि नोकरी मिळेल का, असं हात जोडल्यासारख्या आवाजात विचारलं.