नानांच्या पायांवरचा तिसरा कोट

नानांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी सकाळी ताई त्यांच्या पाया पडली आणि डाव्या अंगठ्याचा रंग तिच्या बोटांना लागला. खाली करडा प्रायमर होता. एकसारखा, गुळगुळीत, नखाची रेघही नसलेला.

ताईने बोटं पदराला पुसली. नाना अंगठ्याकडे बघत होते.

"हा अंगठा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच, नाना."

"माझा नाही. मी हलवतोय, तो हलत नाही."

मी आत जाऊन हातमोजे घातले. एकवीस वर्षं मी विमानांची आणि जहाजांची मॉडेलं रंगवतो. सील न केलेल्या रंगाला उघड्या हाताने शिवायचं नाही, हे मला कुणी सांगायला नको. थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा नानांच्या टाचेला आतल्या बाजूने लावला. रंग लगेच सुटला. ऑइलपेंट होता, जुन्या पद्धतीचा, ब्रशने मारलेला. काम चांगलं होतं. वर रंग धरून ठेवणारा पारदर्शक क्लिअर कोट मात्र कोणी मारलेलाच नव्हता.

चार वाजता नानांचे विद्यार्थी येणार होते. नाना, आमचे वडील, कुडाळच्या शाळेत बत्तीस वर्षं शिक्षक होते, त्यांतली अकरा मुख्याध्यापक. बासष्ट जणांनी येतो म्हणून कळवलं होतं. बासष्ट माणसं, प्रत्येकी दहा बोटं. सहा वाजेपर्यंत नानांचे पाय घोट्यापर्यंत करडे झाले असते आणि त्यांचे राहिले नसते.

"दारावर पाटी लावू या," ताई म्हणाली. "पाया पडू नये."

"देवळात लावतात तशी?" नाना म्हणाले. "त्यापेक्षा देणगीची पेटीच ठेव ना! मी कोणाला वाकू नको म्हणणार नाही, चारू."

म्हणून कोट मारायचं ठरलं. माझ्याकडे तीन बाटल्या होत्या. पहिल्यातलं लॅकर दहा मिनिटांत वाळतं आणि दगडासारखं होतं, पण खालच्या ऑइलपेंटला सुरकुत्या पाडतं. दुसरं तेलातलं वार्निश रंगाला काही करत नाही, पण वाळायला रात्र घेतं आणि पुढे पिवळं पडतं. तिसरं पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक. तीन पातळ कोट, मध्ये वीस-वीस मिनिटं, शेवटचा कोट ओला. मी तिसरी बाटली घेतली. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"मॅट मार रे, हेरंब," ताई म्हणाली. "खरे दिसतील."

"मॅटमध्ये भुकटी असते. बोटांनी झिजतं. हाताळायच्या वस्तूला ग्लॉसच लागतो."

"मी काय नवीन स्कूटर आहे?" नाना म्हणाले. पण त्यांनी पायजमा वर घेतला आणि खुर्चीत ताठ बसले.

मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फवारणीचा कॉम्प्रेसर सुरू केला. हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र एक्क्याऐंशी दाखवत होतं. जास्त होता, पण मला अशा हवेची सवय होती. एक वाजून दहा मिनिटांनी दोन्ही पायांवर पहिला कोट बसला, धुक्यासारखा. तो वाळल्यावर ताईने टाचेवर चमचा टेकवून पाहिला. रंग आला नाही.

"कळलं?" तिने विचारलं.

"काय?" नाना म्हणाले.

तिने जोरात दाबलं. नानांना तेही कळलं नाही.

"हेरंब, नमस्कार केलेला मला कळेल ना? नाहीतर पाटीच लाव. मी आतल्या खोलीत बसतो. न कळणारा नमस्कार मला नको."

"पूर्ण वाळला की कळेल," मी म्हणालो.

मला ते माहीत नव्हतं. पण खात्रीने सांगितलं की माणूस स्थिर बसतो, आणि नानांनी स्थिर बसणं गरजेचं होतं.

दुसऱ्या कोटानंतर घोट्याशी कड दिसायला लागली. खाली चकाकी, वर नाही. अशी कड मी कधी ठेवलेली नाही. मी गुडघ्यापर्यंत गेलो. कड गुडघ्याशी आली. नानांनी सदरा काढला. अडीच वाजता कड छातीवर होती, तीन वाजता गळ्यावर. नानांनी डोळे मिटले. मी हनुवटी, गाल, पापण्या आणि टक्कल पूर्ण केलं, आणि कड संपली. नाना अडीच तास जवळजवळ न हलता बसले होते. मी इतक्या स्वच्छ पृष्ठभागावर कधी काम केलेलं नाही.

त्यांनी डोळे उघडले. "झालं?"

मी पायांकडे पाहिलं. वर मारलेल्या फवाऱ्याचे कण खाली उतरून पायांवर बसले होते. चकाकी खरबरीत झाली होती, दळण आणताना पावलांवर पीठ सांडावं तशी. त्यावर एकच उपाय आहे, भरपूर ओला कोट.

"वेळ आहे का?" ताईने विचारलं. चार वाजायला बारा मिनिटं कमी होती.

"कुडाळात चारचा कार्यक्रम कधी साडेचारच्या आधी सुरू झालाय?"

मी तिसरा कोट मारला. तो सुंदर बसला. नानांच्या नखांत छताचा पंखा दिसत होता, पाती मोजता येतील इतका स्पष्ट. ताईने त्यांना सदरा घातला.

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी जिन्यात चपला वाजल्या. पुष्कळ चपला, एका तालात. मी वेळेचा हिशेब कुडाळच्या माणसांवरून केला होता. हे नानांचे विद्यार्थी होते. उशीर झाला की नाना त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावत.

दार उघडंच होतं. सगळ्यात पुढे दत्ता परब होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात पेढ्यांचा पुडा.

"सर, येळेवर इलंय मां?"

"थांब," मी म्हणालो. पण तो वाकला होता. त्याच्याबरोबर शुभांगी तुळसकर वाकली आणि मागून आणखी दोघं. आठ हात नानांच्या दोन पायांवर टेकले आणि तिथेच राहिले.

"ह्यां काय? चिकाटलंय मी," दत्ता खालूनच म्हणाला.

"हलू नका," मी म्हणालो. "ओढलंत तर रंग घेऊन उठाल."

"नि हललंव नाय तर?"

"तर कोट वाळेल."

मागे जागा नव्हती, म्हणून बाकीचे होते तिथेच वाकले. खोलीत, दारात, जिन्याच्या पायऱ्यांवर खालच्या मजल्यापर्यंत. सरांनी सांगितल्याशिवाय त्यांच्यापैकी कोणी उठणार नव्हतं. जिन्यात कोणीतरी खोकलं. "गप रे," दुसरा म्हणाला.

"किती वेळ?" ताईने हळूच विचारलं.

मी यंत्र पाहिलं. बासष्ट माणसांच्या श्वासाने दमटपणा त्र्याण्णववर गेला होता. या हवेत किती वेळ लागतो, हे कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं.

"कळतंय," नाना म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा चकाकत होता. ओठ सोडून काहीच हलत नव्हतं.

"हा दत्ता. याचे हात गरम आहेत. ही शुभांगी. हा डावीकडचा, हा कोण? अंगठी आहे याच्या बोटात." ते सावकाश एकेक हात ओळखत गेले. "अंगठासुद्धा कळतोय, चारू. माझाच आहे."

दत्ता खाली मान घालून रडत होता किंवा हसत होता. त्याची पाठ हलत होती, हात हलत नव्हते.

नंतर नाना थांबले आणि त्यांनी वर्गात "बसा" म्हणण्याआधी घेत तसा श्वास घेतला. जिन्यातल्या सगळ्या पाठी तो ऐकून ताठ झाल्या.

त्यांच्या उजव्या टाचेजवळ दोन बोटांएवढी जागा मोकळी होती. मी हातमोजे काढले आणि वाकलो.