तिन्ही ग्लास सारखेच

बाबांचं नाक गेलं, हे फक्त मला माहीत होतं. म्हणजे नाक जागेवर होतं, चांगलं लांब आणि नको तिथे खुपसायच्या कामाचं. वास गेला होता. हिवाळ्यातल्या तापात गेला तो परत आलाच नाही. दुसरा कुणी असता तर चार दिवस हळहळला असता आणि कामाला लागला असता. पण बाबांचं कामच वास घेण्याचं. स्कॉच मागवून हॉटेलांना पुरवणाऱ्या कंपनीत ते मुख्य चाखणारे. कुठली सिंगल माल्ट घ्यायची आणि कुठली परत पाठवायची, हे त्यांच्या हुंगण्यावर ठरायचं.

तापानंतर हुंगायची मी आणि बोलायचे ते. मी त्यांची मदतनीस, शेजारीच बसायचे. व्हिस्की शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली असली की मी चष्मा डोक्यावर चढवायचा, धुराचा वास असला की टेबलावर ठेवायचा, माल बेकार असला की काचा पुसत बसायचं. एवढ्या खुणांवर बाबा असं काही रंगवून सांगायचे की समोरच्यांनी माना डोलवाव्यात. वाहवा त्यांची. आणि घरी जाताना वर मलाच, "चष्मा जरा लवकर चढवत जा गं. किती वेळ ग्लास फिरवत बसायचं मी?"

मग एकदा कचेरीत वायर जळाली. सगळा मजला नाकाला रुमाल लावून बाहेर आला आणि एवढे नाकवाले बाबा खुर्चीत निवांत! मालकांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी फर्मान काढलं: परीक्षा घ्यायची, बाटली दिसणार नाही, आणि मुलगी शेजारी बसणार नाही.

आदल्या संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. "उद्या खरं सांगा, नाहीतर मी सांगते." बाबा म्हणाले, "सांगतो. नाक गेलंय म्हणतो. इतके महिने निवड तू केलीस, तेही सांगतो. माझी खुर्ची आता तुझी आहे." मी वेडी, विश्वास ठेवला. खोटं कशाला बोलू, रात्रभर त्या खुर्चीत बसून आले मी मनातल्या मनात.

सकाळी मालकांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि एकच बाटली हातात दिली. "तिन्ही ग्लासांत हीच ओत. बघू या, फरक किती सांगतोय तो." स्वतःच्या हुशारीवर इतके खूश होते की मिशीतून हसू ओघळत होतं. चाखायचे ग्लास निळ्या काचेचे असतात, आतला रंग दिसू नये म्हणून. मी तिन्ही भरले, वर झाकणं ठेवली आणि बाहेर नेऊन बाबांपुढे मांडले.

बाबांनी पहिला हुंगला, दुसरा, तिसरा. पाण्याचे थेंब टाकून पुन्हा हुंगले. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिसरा ग्लास खाली ठेवला आणि पडल्या आवाजात म्हणाले, "साहेब, मला तर काही फरक कळत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिलेला शब्द पाळत होते बाबा. पुढचं वाक्य आता येणारच होतं.

तेवढ्यात मालकांनी टेबलावर थाप मारली. "वा! याला म्हणतात नाक! एकच बाटली होती, दुसरा कुणी असता तर तीन गोष्टी रचून सांगितल्या असत्या!"

बाबांचं तोंड उघडं होतं. ते मिटलं. खांदे वर आले, पाठ ताठ झाली. आणि माझ्या जन्मदात्याने ग्लास बाजूला सारत म्हटलं, "अनुभव असतो, साहेब."

"मुलीलाही शिकवा जरा."

"शिकेल हळूहळू."

शिकेल! तळपायाची आग मस्तकात गेली माझी. मी तडक आत गेले. ग्लास धुतल्यावर पुसायला आम्ही साधं स्पिरिट ठेवतो. नाकाला झोंबतं, बाकी काही नाही. ते निळ्या ग्लासात ओतलं, पाणी घातलं आणि बाबांपुढे आणून आपटलं. "हे नवीन आलंय. सांगा."

झोंबणं तेवढं बाबांना अजून कळतं. त्यांनी हुंगलं आणि सवयीने माझ्या चष्म्याकडे पाहिलं. मी चष्मा सावकाश डोक्यावर चढवला.

"शेरीचं पिंप," बाबा खुलले. "मनुका आहेत. मागून जुनं लाकूड येतंय."

मालकांनी ग्लास ओढून घेतला, डोळे मिटून हुंगला. "अगदी! मनुका! केवढ्या मनुका!"

"काचा पुसायचं स्पिरिट आहे ते," मी म्हटलं.

मालकांनी पुन्हा हुंगून पाहिलं आणि लालबुंद होऊन ग्लास खाली ठेवला. ओरडायचं तर होतं त्यांना, पण कुणावर? मनुका त्यांनाही आल्या होत्या. "काय चाललंय हे?" एवढंच ते बाबांना म्हणाले.

आता बाबा काहीही रचू शकले असते. पोरीने थट्टा केली, म्हणाले असते, आणि मालकांनी ते आनंदाने मानलंही असतं. मी दात आवळून उभी होते.

"मला वास येत नाही, साहेब," बाबा म्हणाले. "हिवाळ्यापासून. तुम्ही घेतलेला प्रत्येक माल हिने निवडलाय."

मग ते उठले. खुर्ची स्वतः मागे ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस."

सगळं मिळालं होतं. पण राग तसूभर उतरला नव्हता, कारण "शिकेल हळूहळू" अजून कानात होतं. मी आधी ते स्पिरिट मोरीत ओतलं, ग्लास धुतला, आणि तो पुसायचं फडकं बाबांच्या हातात देऊन मग बसले.