शून्यावरची खूण

सहा वर्षं बोलून बोलून नेल्सनच्या जिभेला वळण लागलं, हाताला मात्र लागलं नाही! त्याच्या आईची, देओलिंडाची, तक्रार एवढीच होती. दर गुरुवारी पोरगा हॅरिएटबाई या समुपदेशकांकडे तासभर मन मोकळं करायचा आणि आत जाण्याआधी मनाचा त्रास शून्य ते तीन आकड्यांत मांडणारा एक कागद भरायचा. त्यातल्या आकड्यांचा आलेख त्याने मोठ्या कौतुकाने फ्रिजवर चिकटवला होता. त्रासाची रेघ कशी सरसर खाली उतरलेली!

सोमवारी त्याच फ्रिजवर त्याने पॉलाचं, आपल्या बायकोचं, डोकं आपटलं. केलच्या पालेभाजीचं सूप अळणी झालं म्हणून! उकळतं पातेलं भिंतीवर आदळलं, पॉलाचं उजवं मनगट मोडलं. देओलिंडा तळमजल्यावरून धापा टाकत वर आली, तर सुनेच्या कपाळातून रक्त वाहतंय आणि लेक खुर्चीत शांत.

"आई, तिनं माझी मर्यादा ओलांडली."

"मर्यादा? मेल्या, सूप होतं ते!"

गुरुवारी देओलिंडा त्याच्याबरोबर हॅरिएटबाईंकडे गेली. बाकावर बसून नेल्सनने कागद भरायला घेतला. देओलिंडाला अक्षरं जेमतेम लागायची, आकडे पक्के कळायचे. त्याने शून्यावर खूण केली.

"काय विचारलंय तिथं?"

"मनावर ताण वाटतो का, असं."

"आणि शून्य? लाज नाही वाटत खोटं लिहायला?"

"खोटं नाही गं. फोडाफोड झाली की एकदम हलकं वाटतं मला."

देओलिंडा चरकली. पोरगा खरं बोलत होता! तिने त्याचं मनगट धरलं आणि दार न ठोठावताच त्याला आत ओढलं.

"बाई, तुमचा काटा चुकलाय! याला किती हलकं वाटतं तेच मोजता तुम्ही. याचं ओझं पडतं कुणावर?"

तिने पर्समधून तसलाच दुसरा कागद काढला. बहिणीकडे निघून जाताना पॉलाने घरात सापडलेला तो कोरा कागद डाव्या हाताने भरून दिला होता. प्रत्येक ओळीत तीन. खाली वेडंवाकडं लिहिलं होतं : 'जिन्यावर त्याचं पाऊल वाजलं की मी आधी सुऱ्या लपवते.'

हॅरिएटबाईंचा चेहरा उतरला. "तो 'वाद झाला' म्हणायचा. मीही 'वाद' असंच लिहीत गेले."

नेल्सन ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मग त्याने आपलं शून्य खोडलं. खोडताना कागद फाटला.

"वाद नाही," तो पुटपुटला. "मी मारतो तिला."

सहा वर्षांत हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला!

वाचकहो, बोलून माणूस बदलतो, नाही असं नाही. पण गुण आला की नाही, हे एकट्या त्यालाच विचारून कसं कळणार? त्याच्या हाताखाली जगणाऱ्यालाही विचारा.

नेल्सन रडत आईच्या खांद्याकडे झुकला. ती मागे सरकली.

"रडून पुन्हा हलका होऊ नकोस! बोलायला दर गुरुवारी यायचंच. पण पोलिसांना सोमवारचं सगळं आज सांगायचं, आणि तुझा तो फ्रिजवरचा कागद मी घरी जाऊन फाडणार. घर माझं आहे. तिथं पॉला परत येऊन राहील, तू नाही. तू सुधारलास की नाही हे तू सांगायचं नाहीस, मीही नाही. ती सांगेल. आणि ती कधीच म्हणाली नाही, तर कधीच नाही!"